सिकलसेल आणि हिवताप : अँथनी ॲलिसन यांच्या मोजणीची गोष्ट



आजचा विषय तसा वैद्यकशास्त्रातला आहे, पण मी तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे. प्रश्न अगदी साधा आहे. एकच गाव, तेच डास, तसाच पावसाळा. दोन लहान मुलांना हिवताप येतो. एक मूल दगावतं, दुसरं चार दिवस तापाने फणफणतं आणि पाचव्या दिवशी अंगणात खेळायला जातं. असं का होतं? आपल्याकडे याला एक ठरलेलं उत्तर आहे : ज्याची त्याची प्रकृती. उत्तर चुकीचं नाही, पण ते तिथेच थांबतं. प्रकृती म्हणजे नेमकं काय? ती आईबापांकडून येते का? येत असेल तर मोजता येते का?

या प्रश्नाचं मोजून दिलेलं पहिलं ठोस उत्तर १९५४ साली आलं. ते देणारा माणूस तेव्हा तिशीचाही नव्हता. अँथनी ॲलिसन हे त्याचं नाव. जन्म १९२५ चा, दक्षिण आफ्रिकेतला, आणि बालपण केनियातल्या शेतावर गेलेलं. त्याचं काम आफ्रिकेतलं आहे, पण त्याचा धागा आपल्या गडचिरोली-नंदुरबारपर्यंत येतो. तो कसा, ते आज बघू.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि मऊ असतात. मऊ असल्यामुळेच त्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून घसरत पुढे जातात. सिकलसेल आजारात ऑक्सिजन कमी पडला की या पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे भयंकर वेदना होतात : हातापायांत, पाठीत, छातीत. शिवाय या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कायम कमी. प्लीहा निकामी होत जाते आणि लहानसहान जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

वैद्यकाच्या दप्तरात हा आजार १९१० साली आला. शिकागोमध्ये जेम्स हेरिक नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण दाखल झाला होता. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर हेरिक यांचे सहकारी अर्नेस्ट आयर्न्स यांना विचित्र लांबोडक्या, वाकड्या पेशी दिसल्या. हेरिक यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, तिथे दवाखाना चालवला आणि १९१६ साली, ऐन तारुण्यात वारला. आता गंमत बघा. ग्रेनाडात, आफ्रिकेत, आपल्याकडे हा आजार शेकडो वर्षं होता. आया मुलांना कुशीत घेऊन रात्री काढत होत्या. पण त्याला नाव मिळालं ते एक आजारी विद्यार्थी सूक्ष्मदर्शक असलेल्या शहरात पोचला तेव्हा. आजारांच्या इतिहासात असं फार वेळा होतं.

पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकेत हा 'काळ्यांचा आजार' म्हणूनच ओळखला गेला. जणू तो एका वंशाच्या रक्तातला दोष आहे. ही समजूत लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

१९४९ हे वर्ष या कथेत फार मोलाचं. त्या एका वर्षात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, जेम्स नील यांनी वारशाचा हिशेब मांडला. सिकलसेलचा जनुक एकाच पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' होतो आणि साधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. दोन्ही पालकांकडून आला तरच आजार होतो. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत पहिल्याला 'एएस' आणि दुसऱ्याला 'एसएस' म्हणतात. ज्याच्याकडे हा जनुक नाहीच तो 'एए'. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं असण्याची चारात एक.

दुसरी गोष्ट लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. त्यांनी रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं, तर दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले. म्हणजे रेणूच वेगळा आहे. वाहकांमध्ये दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन मिळालं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत असतं हे इतक्या थेटपणे प्रथमच दिसलं. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, आणि हाच शब्द आज विदर्भातल्या आशाताईंच्या तोंडीही ऐकायला मिळतो.

आता इथे एक कोडं उभं राहतं. त्या काळी उपचार नव्हते. आफ्रिकेत एसएस मुलं बहुतेक लहानपणीच जात. ती मोठी होऊन त्यांना मुलं होण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे प्रत्येक पिढीत हा जनुक थोडा थोडा गळून जायला हवा. शे-दोनशे पिढ्यांत तो दुर्मीळ व्हायला हवा. प्रत्यक्षात आफ्रिकेतल्या काही भागांत दर शंभर प्रौढ माणसांमागे वीस, तीस, कुठे चाळीस वाहक सापडत होते. भांड्याला तळाशी भोक आहे, पाणी गळतंय, तरी भांडं भरलेलंच. याचा अर्थ वरून कुठूनतरी पाणी पडत असलं पाहिजे. काही जण म्हणत होते की नवे बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, सतत होत असतील. पण एवढी गळती भरून काढायची तर त्यांचा वेग अशक्य वाटावा इतका हवा.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी याच सुमारास एक सूचना केली होती. हॉल्डेन आपल्याला परके नाहीत. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. भूमध्य समुद्राच्या काठावर थॅलसेमिया नावाचा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार आहे. त्याचे वाहक हिवतापात अधिक तग धरत असतील, असं त्यांनी सुचवलं. पण ते अनुमान होतं, रक्ताचे थेंब घेऊन कोणी ते तपासलं नव्हतं. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, ई. ए. बीट या डॉक्टरांनाही दिसलं होतं की वाकड्या पेशी असलेल्यांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी कमी सापडतात. मात्र ही नोंद एकाकी पडली होती.

आता ॲलिसनकडे येऊ. १९४९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम माउंट केनियाकडे निघाली. ॲलिसन तिच्यात सामील झाला. केनियातल्या वेगवेगळ्या जमातींचे रक्तगट तपासायचे आणि त्यांची एकमेकांशी नाती कशी आहेत ते बघायचं, असा त्याचा मूळ बेत. त्यासोबत त्याने पेशी वाकतात का, याचीही चाचणी केली. आकडे हातात आल्यावर त्याला एक विचित्र नकाशा दिसला. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहकांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर. मधल्या उंच, थंड पठारावर एक टक्क्याच्याही आत.

तुम्ही म्हणाल, जमाती वेगळ्या असतील. पण किनारा आणि सरोवर यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर, मध्ये डोंगर, आणि दोन्हीकडची माणसं वेगळ्या भाषा बोलणारी. सरोवराकाठचे लुओ हे नायलोटिक भाषा बोलतात, त्यांचे शेजारी बांटू भाषा बोलतात, तरी वाहकांचं प्रमाण दोघांतही जास्त. आणि पठारावरचे किकुयू बांटू भाषाच बोलतात, तर त्यांच्यात ते अगदी कमी. नात्याने हा नकाशा सुटत नव्हता. मग किनारा आणि सरोवर यांत सारखं काय? केनियात वाढलेल्या माणसाला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. दोन्हीकडे डास. दोन्हीकडे बारमाही हिवताप. पठारावर थंडी, तिथे तो नाही.

इथे ॲलिसनने घाई केली नाही. कल्पना सुचली १९४९ मध्ये, आणि तो परत पूर्व आफ्रिकेत आला १९५३ मध्ये. मधल्या काळात त्याने डॉक्टरकीचं शिक्षण संपवलं. नुसता नकाशा पुरेसा नाही हे त्याला ठाऊक होतं. दोन गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. तपासायचं होतं ते हे : एकाच गावात, सारख्याच डासांमध्ये, वाहक मुलाला हिवताप खरंच कमी होतो का?

आणि मुलंच का? हा मुद्दा समजून घ्या, कारण सगळं काम त्याच्यावर उभं आहे. हिवतापाच्या प्रदेशात वाढलेल्या प्रौढ माणसाला तो आजार इतक्यांदा होऊन गेलेला असतो की शरीराने त्याच्याशी काहीएक जुळवून घेतलेलं असतं. प्रौढांना तपासलं तर जनुकाचा फायदा या कमावलेल्या प्रतिकारशक्तीखाली झाकला जातो. खरी लढाई पहिल्या काही वर्षांत होते. आईकडून मिळालेलं संरक्षण संपतं आणि स्वतःचं अजून तयार झालेलं नसतं, तेव्हा. म्हणून त्याने युगांडात कंपालाच्या परिसरातली, पाच महिने ते पाच वर्षं वयाची २९० मुलं तपासली.

आकडे असे आले. त्यात ४३ मुलं वाहक होती. त्यांपैकी १२ जणांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले, म्हणजे साधारण २८ टक्के. उरलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांत सापडले, म्हणजे जवळजवळ ४६ टक्के. शिवाय ज्या वाहक मुलांना लागण झाली होती त्यांच्या रक्तात परजीवींची गर्दीही कमी होती. फरक डोळे दिपवणारा नाही. पण हा फरक दर पावसाळ्यात, दर पिढीत, हजारो वर्षं पडत राहिला तर काय होईल, याचा विचार करा.

यानंतर त्याने जे केलं त्याबद्दल आज आपण सहज बोलू शकत नाही. त्याने ३० प्रौढ लुओ पुरुष स्वयंसेवक म्हणून घेतले, १५ वाहक आणि १५ वाहक नसलेले, आणि त्यांना मुद्दाम घातक प्रकारच्या हिवतापाची लागण केली. वाहक नसलेल्या १५ पैकी १४ जणांना हिवताप झाला. वाहकांपैकी फक्त दोघांना. निकाल स्पष्ट आहे. पण वसाहतीचं राज्य, गोरा डॉक्टर, आणि समोर त्या राज्याची प्रजा असलेली माणसं : त्यांची संमती किती मोकळी होती? आज कुठलीही नैतिक समिती असा प्रयोग या रूपात मंजूर करणार नाही. त्या तीस जणांची नावं पाठ्यपुस्तकांत नाहीत. आपण हा आकडा वापरतो तेव्हा एवढं तरी स्मरण ठेवायला हवं.

तिसरं काम पायपिटीचं. केनिया, युगांडा आणि टांगानिका या प्रदेशांत तीसहून अधिक जमातींतल्या जवळपास पाच हजार लोकांची तपासणी. जिथे हिवताप बारमाही, तिथे वाहक जास्त, काही ठिकाणी चाळीस टक्क्यांपर्यंत. जिथे तो नाही तिथे ते नगण्य. १९५४ मध्ये हे सगळं तीन शोधनिबंधांतून प्रसिद्ध झालं.

आता भांड्यात वरून पडणारं पाणी कुठून येतं ते सोप्या हिशेबात बघू. कागद-पेन घेतलंत तर बरं. कल्पना करा, एका हिवतापग्रस्त भागात १०० मुलं जन्मली. त्यातली ६४ एए, ३२ वाहक, ४ एसएस. चार एसएस मुलं त्या काळी आजाराने गेली. ६४ एए मुलांपैकी समजा चौथा हिस्सा, म्हणजे १६, हिवतापाने गेली. वाहक ३२ च्या ३२ वाचली असं धरू. उरली ८०. त्यात वाहक ३२, म्हणजे बरोब्बर ४० टक्के. ही ८० माणसं मोठी होऊन त्यांना मुलं झाली की पुढच्या पिढीत पुन्हा ६४, ३२ आणि ४ असंच प्रमाण येतं. गणित जिथे सुरू झालं तिथेच येऊन थांबतं. पाणी गळतंय चार मुलांच्या रूपाने, आणि भरतंय ते बाकीच्या मुलांना हिवताप मारतो म्हणून.

या हिशेबाकडे जरा थांबून बघा. हा निसर्गाचा चमत्कार म्हणून सांगितला जातो, वर्गात टाळ्या घेतो. पण शंभरातली वीस मुलं मेली आहेत, तेव्हा हा समतोल राखला गेला आहे. वाहकांना मिळालेल्या संरक्षणाची किंमत त्यांच्याच घरातली एसएस मुलं मोजतात. निवड हा शब्द ऐकायला छान वाटतो, पण त्याचा अर्थ एका आईच्या अंगणातून दुसऱ्या आईच्या अंगणाकडे सरकणारा मृत्यू असा आहे.

ॲलिसनचं म्हणणं लगेच सगळ्यांना पटलं असं नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये प्रौढ स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात असा ठळक फरक दिसला नाही. वाद झाला. पण पुढच्या दशकांत पुरावे साचत गेले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बास, एवढाच बदल. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा. आणि २००५ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी इथल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की वाहक मुलांना साध्या हिवतापापासून सुमारे ५० टक्के आणि जिवावर बेतणाऱ्या तीव्र हिवतापापासून जवळजवळ ९० टक्के संरक्षण मिळतं. म्हणजे लागण होते, पण मूल वाचतं. ॲलिसनच्या २८ आणि ४६ या आकड्यांमागे काय दडलं होतं, ते पन्नास वर्षांनी पुरतं उलगडलं.

याचं एक कारण असं की परजीवी पेशीत शिरला की आतला ऑक्सिजन घटतो, वाहकाची पेशी वाकू लागते, परजीवीची वाढ खुंटते आणि प्लीहा अशी पेशी गाळून टाकते. हे एकमेव कारण नाही, इतरही आहेत. पण ज्या दोषाने एसएस मुलाचा जीव जातो, त्याच दोषाने वाहकाच्या शरीरात परजीवीचा जीव जातो.

आता वंशाच्या समजुतीकडे परत येऊ. हा जनुक 'काळ्यांचा' असता तर पठारावरच्या किकुयूंमध्ये तो दिसायला हवा होता. तिथे नगण्य. आणि ग्रीसमध्ये, कोपाइस सरोवराच्या जुन्या दलदलीकाठी ऑर्कोमेनोस गावाच्या परिसरात दिसायला नको होता. तिथे भरपूर. हा जनुक माणसाच्या रंगाचा नसून डासाच्या मुलखाचा आहे. ॲलिसनच्या नकाशाने हे दाखवून दिलं होतं. पण ज्ञान छापून आलं म्हणजे वागणूक बदलते असं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिकलसेलच्या तपासण्यांची लाट आली. अनेक राज्यांत त्या कृष्णवर्णीयांवर सक्तीच्या झाल्या. वाहक आणि रुग्ण यांत फरकच केला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्यांत, विम्यात अडचणी आल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेशच नाकारला. चांगल्या हेतूने सुरू झालेली तपासणी कलंकाचं साधन कशी बनते, याचा हा धडा.

आणि आता आपल्याकडे. १९५२ मध्ये हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचे वाहक असल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी आसामच्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांतही ते सापडल्याची नोंद झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातल्या वाहकांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभर हिंडून तपासण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के सापडलं. विदर्भात ते आदिवासींपुरतं राहिलेलं नाही. अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गातल्या काही समाजांतही ते आहे. नकाशा नीट बघा : सातपुड्याच्या रांगा, गडचिरोलीचं जंगल. हिवतापाचाच जुना मुलूख.

आपल्याकडच्या जनुकाभोवतीची जनुकीय रचना आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळी आहे, तिला अरब-भारतीय म्हणतात. या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि ते पेशी वाकण्याला आळा घालतं. त्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांनी ही समजूत पुसली. विदर्भातली कितीतरी मुलं तीव्र आजाराने त्रस्त आहेत. 'सौम्य' हा शब्द सरासरीचा असतो, रात्रभर कण्हणाऱ्या मुलाचा नसतो.

आता कोणी म्हणेल, हिवताप कमी होतोय, मग जनुकही आपोआप जाईल. मघाचाच हिशेब पुढे नेऊ. हिवताप एकदम शून्य झाला असं समजा. ६४ आणि ३२ अशी ९६ मुलं मोठी होतील. जनुकाचं प्रमाण शंभरात २० वरून साधारण १७ वर येईल. पुढच्या पिढीत १४, मग साडेबारा. निम्मं व्हायला पाच पिढ्या लागतात, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं. आणि तेसुद्धा एसएस मुलं उपचाराविना मरत राहिली असं धरून. ती जगली, जी जगायलाच हवीत, तर याहूनही सावकाश. डास गेल्यावरही त्याने वसूल केलेलं कर्ज घराण्यात राहतं. म्हणून वाट बघणं हा पर्याय नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे. नवजात बाळाची तपासणी, पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या. ही काही परग्रहावरची औषधं नाहीत. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. हा उपचार गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो, म्हणजे आपल्या काही रुग्णांत निसर्गाने थोडंफार जे ठेवलं आहे तेच. भामरागडच्या मुलापर्यंत तो कधी पोचेल, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. गोळ्या मात्र आजच पोचायला हव्यात, नियमित, दर महिन्याला.

ॲलिसन पुढे रोगप्रतिकारशास्त्राकडे वळले. एल्सी यूगुई यांच्यासोबत त्यांनी मायकोफेनोलेट हे औषध विकसित केलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते आजही दिलं जातं, आपल्या ओळखीतही कोणी घेत असेल. २०१४ मध्ये ते वारले. पण त्यांचं नाव टिकेल ते त्या २९० मुलांमुळे. जनुक 'चांगला' की 'वाईट' हे तो कुठल्या मुलखात आहे आणि एक आहे की दोन, यावर ठरतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणून वाहक मुलीला 'रक्तात दोष आहे' म्हणून स्थळं नाकारणारे लोक विज्ञानाच्या बाजूने बोलत नाहीत. तिच्या रक्तात जे आहे त्यामुळेच कदाचित तिचे खापरपणजोबा पाळण्यातून उठून उभे राहिले.

आता दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : वाहकाला हिवताप होतच नाही का? मग औषध घ्यायची गरज काय?

होतो. संरक्षण तीव्र आजारापासून आहे, तेही पूर्ण नाही. मच्छरदाणी, रक्ततपासणी, औषध यांत काहीही सूट नाही. आणि एसएस रुग्णाला तर हे संरक्षण अजिबात उपयोगी पडत नाही, उलट हिवताप त्याच्या जिवावर उठतो. अशा घरात तापाकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : मग लग्नाआधी पत्रिकेऐवजी रक्त जुळवावं का?

तपासणी जरूर करावी, स्वतःच्या इच्छेने, आणि तिचा निकाल गुप्त राहिला पाहिजे. वाहकाने एए जोडीदाराशी लग्न केलं तर मूल एसएस होत नाही. मात्र जोडीदार थॅलसेमियाचा वाहक असेल तरी मुलाला आजार होऊ शकतो, म्हणून फक्त झटपट चाचणीवर न थांबता पूर्ण तपासणी करावी. दोघे वाहक असतील आणि तरी लग्न करायचं असेल, किंवा आधीच झालं असेल, तर गर्भावस्थेतलं निदान उपलब्ध आहे. समुपदेशकाने माहिती द्यावी. निर्णय त्या दोघांचा. आणि वाहक असलेल्या दोघांपैकी कुणालाही, विशेषतः सुनेला, दोषी धरू नये. जनुक दोन्हीकडून आलेला असतो.